परतीची चाल

मेहकर, ता. १६ जानेवारी १९६४, गुरुवार

अन् वरून कंडक्टरच्या तोंडी निरोप धाडतोस, बाई माहा बँडचा कोट खुंटीवर राह्यला, तो पाठवून दे, इकडे थंडी आहे. कोट पाहिजे तुले. अथी आम्ही दिवसा दाराले कडी लावून बसलो, पोरी विहिरीवर एकट्या जाईनात, अन् तुले पितळी गुंड्याचा कोट पाहिजे. नाही पाठवत. तो लाल कोट घालून संग्रामपूरच्या बाजारात फिरशीन तर सातपुड्यातल्या अस्वलायले बी समजन, मेहकरचा गुलाब कोठी लपला ते. माही जुनी गोधडी पाठवली आहे. ती पांघर अन् गप पडून राह्य.

जयभीम लिहायचा राह्यला. जयभीम. मी दुसरीपर्यंतच शिकली, अक्षर लावून वाच. अन् पोस्टकार्ड टाकू नको. पोस्टकार्ड साऱ्या गावाच्या हातून येते. खामगावच्या गाडीचा कंडक्टर आपल्यातला आहे, त्याच्याजवळच कागद देत जा.

तू तर रविवारी फुटबॉलच्या मैदानातूनच पळाला. क्लारनेट काखेत मारलं अन् उसाच्या वावरातून सुटला. मांगं काय झालं ते तुले कोणी सांगितलं का नाही, मले माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. आपल्या मेहकरचा गोलकीपर निवृत्ती पडला तो उठला नाही. लोकायले वाटलं आधीच्या दोन खेपेसारखा नाटक करून राह्यला, आता उठन, माती झटकन अन् दात काढन. मलेबी तसंच वाटलं. मी शेंगाची टोपली घेऊन निंबाखाली होती, मले गोलपोस्ट साफ दिसते. जानेफळच्या पोट्ट्याचं ढोपर लागलं अन् निवृत्तीचं डोक्सं पोस्टाच्या लाकडी खांबावर आपटलं, तो आवाज बी मी ऐकला. अन् त्याच्यावर तुहं क्लारनेट.

गडी खाली पडला की दोन्हीकडचे बँड बंद राह्यतात. तो उठला की मंगच वाजा. हे काय सरकारनं लावून दिलं नाही, आपल्या बँडवाल्यायनंच ठरवलं आहे, मैदान झालं तवापासून. तुह्या जानेफळच्या बँडमधी एकानं बी हात उचलला नाही. ढोल चूप, कॉर्नेट चूप. तूच एकला उभा, अन् वाजवलं काय, तर मैताची चाल. लोक हासले. खोटं काऊन बोलू, चालीच्या पहिल्या ओळीले लय जण हासले. मंग निवृत्तीच्या कानातून रक्त आलं अन् हाशा खाली बसला. तू चाल मधातच तोडली. ते बी साऱ्यायनं ऐकलं.

निवृत्ती सरकारी दवाखान्यात आहे. डोळे उघडते, पण मायले ओळखत नाही. दूध पाजलं की ओकते.

तू येऊ नको. हेच लिहायले कागद घेतला. कोणी बलावलं, कोणी सांगितलं की सारं थंड झालं, तरी येऊ नको. तुहे दाजी बरे आहेत. हात जरा दुखते त्यायचा, बाकी बरे. बँडची सुपारी तेवढी कोणी देऊन नाही राह्यलं.

तुही बाई
ताना


मेहकर, ता. १९ जानेवारी, रविवार

तू उत्तर दिलं नाही. गोधडी भेटली म्हणून कंडक्टर सांगते, म्हणजे जित्ता आहेस.

आज रविवार, मैदानात खेळ होता, पण आपल्या मेहकरचा नाही. मी टोपली घेऊन गेली. न जाऊन कसं होईन, शेंगा भाजलेल्या होत्या. तर उकंडराव आले.

निवृत्तीचा बाप मैदानात आला, गुलाब. पोरगं दवाखान्यात अन् बाप मैदानात. माह्या टोपलीजवळ त्याच दगडावर बसले जिथी नेहमी बसतात. मी हातानं शेंगा दिल्या तर घेतल्या. एक एक शेंग फोडत होते अन् दाणा खालीच टाकत होते. मंग उठता उठता म्हणे, ताना, तुह्या भावाचं पत्र आलं काय. मी म्हटलं, नाही मालक. हूं, म्हणे, अन् गेले.

तुले आठवते ना त्या शनवारची संध्याकाळ. खेळाच्या आदल्या दिवशीची. त्याच दगडावर उकंडराव, बाजूले तुम्ही सारे. खेळाचं बोलणं दोन मिनिट, अन् बँडचं बोलणं दिवस बुडेपर्यंत. कोणी म्हणे खामगावचा बँड एक नंबर. उकंडराव म्हणे, खामगावचा? वर्दी इस्त्रीची अन् सूर चुरगळलेला. मंग कोणी आपल्या मेहकरच्या बँडचं नाव काढलं, तर टेलर म्हणे, मेहकरचा बँड माह्या लग्नात होता. उकंडराव म्हणे, हाव बे, म्हणूनच बायकोचं रडणं तुले ऐकू नाही आलं, नाहीतर तवाच सावध झाला असता. टेलर बी हासला.

अन् त्यायच्या पुतण्यानं ते काढलं होतं, कडूबानं. म्हणे काका, पोरगा तुमचा आपल्या मेहकरच्या पोस्टात उभा अन् तुमी मात्र जानेफळच्या बँडकडं तोंड करून बसता. उकंडराव म्हणे, मेहकरच्या बँडवाल्यायनं गुलाबले मांगच्या रांगेत उभा केला, जानेफळवाल्यायनं म्होरं आणला. मी त्याचं क्लारनेट ऐकाले येतो. कान कोण्या तालुक्याचा नसते बे. तू तवा मान खाली घालून हासत होता, नव्या नवरीसारखा. एवढ्या मोठ्या माणसानं तुहं नाव घेतलं म्हणून माहं बी पोट भरलं होतं. मी त्या दिवशी शेंगाचे पैसे बी कोणाले मांगितले नाही.

अन् मंग ते बोलणं निघालं, निवृत्ती पडायचं नाटक लय करते, त्याले उठवायचं कसं. अन् कोणीतरी म्हटलं, गुलाब, मैताची चाल वाजव, कसा नाही उठत पाहू. कोण म्हटलं ते मले माहीत आहे अन् तुले बी माहीत आहे. ते नाव कागदावर लिहीत नाही. हा कागद भलत्याच्या हाती पडला तर माहं घर राहणार नाही. उकंडराव तवा गाडीच्या टायमाचं पाहाले उठून गेले होते, त्यायनं ते ऐकलं नाही.

पण हसण्यावारी कोणी म्हटलं म्हणून तू वाजवावं? आपला बाबा जन्मभर त्या चालीपायी दुसऱ्याच्या दारासमोर पाण्यापावसात उभा राह्यला. मेलं कोण, वाजवा. रात्री बलावलं, वाजवा. दीक्षा घेतली त्या दिवशी तू त्याची पिपाणी चुलीत घातली. साऱ्या वस्तीसमोर म्हणाला, गुलाब लग्न वाजवन, मैदान वाजवन, मैत वाजवणार नाही अन् कोणी बलावलं म्हणून दारात उभा राहणार नाही. अन् तीच चाल तू फुकट वाजवली, चार लोकाच्या हाशीसाठी. हे मले त्या रक्तापेक्षा बी जास्त लागलं, पाहा.

दाजीचा हात सुजला आहे. बैलगाडीतून उतरता उतरता पडले. हाडवैद्यानं बांबूच्या काड्या बांधून दिल्या. तू त्याची काळजी करू नको.

येऊ नको. उत्तर मात्र दे.

ताना


मेहकर, ता. २३ जानेवारी, गुरुवार

आता नीट बसून वाच. उभ्या उभ्या वाचू नको.

काल दुपारी रुखमाबाई माह्या दारात आली. निवृत्तीची माय. ती बाई आपल्या वस्तीकडं कधी फिरकली नव्हती, अन् काल एकटी आली, पायात चप्पल नाही. मी तांदूळ निवडत होती, सूप हातातून पडलं. मी म्हटलं, बसा. बसली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राह्यली, जशी आपली माय त्यायच्या उंबऱ्याबाहेर उभी राहे तशी.

म्हणे, नागपूरले न्याचं आहे पोराले. डोक्शात रक्त गोठलं म्हणतात डॉक्टर, कवटी उघडावी लागते. पुढच्या शुक्रवारी, एकतीस तारखेले सकाळी जीप येणार आहे. मी म्हटलं, बाई, तो बरा होईन. ती म्हणे, कसा होईन. तुह्या भावानं त्याचं मैत काढून ठेवलं अन् परत आणलं नाही.

तुले समजलं ती काय म्हणून राह्यली ते. मले बसल्या जागी समजलं. मैत वाजवून मसणातून परत आलं की बँडवाले घरच्या दारात चांगली चाल वाजवतात, लग्नाची नाहीतर देवाची, तवा ते मैत मिटते. बाबा कितीबी थकून आला तरी ती वाजवल्याबिगर भाकरीले हात लावत नव्हता. जो चाल काढते त्यानंच परतीची वाजवावी लागते, दुसऱ्याच्या हातची चालत नाही. तू काढली, मधातच तोडली, अन् पळाला. रुखमाबाई म्हणते, ती चाल अजून माह्या पोरावर उभी आहे. ती हाकलल्याबिगर नागपूरले नेलं तर तो टेबलावरून उठणार नाही. तुह्या भावाले आण. माह्या दारात परतीची चाल वाजवाले लाव. मंग जीप हालन.

मी म्हटलं, बाई, आमी आता हे मानत नाही. ती म्हणे, तू मान नाहीतर नको मानू, मी मानते, माहा एकच आहे.

अन् जाता जाता काय म्हटलं ते ऐक. रागानं नाही, सांगावं तसं सांगून गेली. म्हणे, त्याले काही झालं तर घरच्या माणसायले मी धरून ठेवू शकणार नाही, ताना. तुह्या पोरी लहान आहेत.

रात्रभर मी पोरीच्या अंगावर हात ठेवून बसली. बाहेर कुत्रं भुकलं तरी उठून पाहत होती. मले समजत नाही मी काय लिहू. आधी लिहिलं येऊ नको. आता लिहू का की ये? तू आला अन् ते लोक तुहे बोटं ठेचतील तर? त्यायच्या घरचं कोणीतरी चहाच्या हॉटेलात म्हणालं, बोटं राह्यले तर पुन्हा वाजवन. अन् तू नाही आला अन् निवृत्ती गेला तर माह्या पोरी.

तूच सांग. तूच त्यायच्यात उठबस करत होता, तुलेच ते लोक माहीत.

ताना


मेहकर, ता. २६ जानेवारी, रविवार

तुहा कागद भेटला. दोन ओळी. “मी कोणाच्या दारात उभा राहणार नाही. बाबाची आण घेतली आहे.” बस. बहिणीची खुशाली नाही, दाजीच्या हाताचं विचारलं नाही. आण घेणारा आला मोठा. मैताची चाल वाजवली तवा आण कोठी गेलती तुही, हाफ टाइमचा लिंबू खायले?

आता मी जे लपवलं ते सांगतो, कारण की आता लपवून कामच भागत नाही.

दाजी बैलगाडीतून पडले नाहीत. तू पळाला त्याच संध्याकाळी मैदानाच्या मांगं त्यायले गाठलं. तिघं होते. दोघं मारत होते अन् तिसरा, कडूबा, विचारत होता, गुलाब कोठी आहे. दाजीले तवा माहीतच नव्हतं तू कोठी आहेस, मंग सांगतील काय. ढोल वाजवाचा उजवा हात, त्याच्यावर दगड घातला. हाड दोन जागी गेलं आहे. मी तुले लिहिलं नाही, कारण तू भडकून आला असता अन् तुले बी त्यायनं तिथीच आडवा केला असता.

अन् मैताची चाल वाजव म्हणून त्या शनवारी म्हणणारा बी कडूबाच होता, तुले माहीत आहे. घे, लिहिलं नाव. त्यानं काऊन एवढं उठवलं ते आता समजलं का तुले? त्याले निवृत्तीचं दुःख आहे, नाही असं नाही, भाऊ आहे त्याचा. पण तुह्या तोंडाचं भेव जास्त आहे. तू आला अन् उकंडरावासमोर बोलला तर? म्हणून तो तुले शोधून राह्यला. उकंडरावाचं घर तुले बलावते अन् कडूबाले तू यायले नको, हे असं आहे.

काल उकंडराव पुन्हा दगडावर येऊन बसले. आजूबाजूले कोणी नव्हतं. पत्र आलं काय, म्हणे. मी म्हटलं, आलं. तो दारात उभा राहणार नाही म्हणते.

त्यायनं मान हालवली. म्हणे, माह्या बापानं तुह्या बापाले उन्हात उभा केला, ते मी लहानपणी पाह्यलं आहे. मले दाराचं काही नाही. रुखमाचं मन आहे.

मले कोठून हिंमत आली मले माहीत नाही. भेवानंच आली असन. मी म्हटलं, मालक, दारात नाही. मैदानात. शुक्रवारी जीप नागपूरले जातांना मैदानावरूनच जाते. तिथी उभी करा. जिथी चाल तुटली तिथी, पोस्टाजवळ, गुलाब परतीची वाजवन. कोणाच्या उंबऱ्यावर नाही. अन् दोन्हीकडचे बँड मांगं उभे राहतील, मी सांगीन त्यायले.

ते म्हणे, रुखमाले विचारतो. मंग माह्याकडं पाहून म्हणे, ताना, खरं सांग, त्याले हे डोक्शात भरवलं कोणी? गुलाब असा नव्हता.

मी सारं सांगून टाकलं. गुलाब, मी सांगून टाकलं. कडूबा म्हटला होता म्हणून सांगितलं, अन् दाजीचा हात कोणी मोडला ते बी. उकंडराव उठले. रागावले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. धोतराचा सोगा हातात धरून सरळ घराकडं चालले गेले.

संध्याकाळी त्यायचा गडी सांगून गेला. मैदानात चालते म्हणे, बाई बी कबूल झाली, अन् गुलाबले कोणी हात लावणार नाही ही मालकाची जबान. शुक्रवारी सकाळी, ऊन पोस्टाले लागलं की. अन् मंग तोच गडी हळूच म्हणे, कडूबा दुपारपासून घरी नाही. काकानं दोन कानाखाली दिल्या अन् तो निंगून गेला. कोठी गेला कोणाले माहीत नाही. जानेफळकडं गेला कोणी म्हणते, कोणी म्हणते खामगावच्या गाडीत बसतांना पाह्यला.

खामगावच्या गाडीत. आता समजलं मी हा कागद एवढ्या घाईनं काऊन लिहून राह्यली ते? तू संग्रामपूरले आहेस हे त्याले कोणी सांगितलं असन तर? कंडक्टर आपला आहे, पण गाडीत वीस माणसं राह्यतात, कोणी गोधडी पाह्यली असन, कोणी काय ऐकलं असन. तू ज्याच्या घरी आहेस ते घर आज संध्याकाळीच सोड. दुसऱ्याच्या घरी झोप. हे माहं ऐक, बाकीचं नको ऐकू.

मी तुले ये म्हणत नाही. आलास तर उकंडराव जबान देतात, अन् मी त्यायची जबान धरतो, तेवढा माणूस मले ओळखू येते. पण एकतीस तारखेपर्यंत मधले दिवस आहेत अन् मधात रस्ता आहे, अन् त्या रस्त्यावर कडूबा कोठीबी असू शकते. त्याची जबान मले कोणी नाही दिली. येशीन तर एकटा येऊ नको. जानेफळच्या बँडवाल्यायले मी सांगून ठेवलं आहे, ते चार जण खामगावच्या स्टँडवर येऊन उभे राहतील. कोट घालतील म्हणजे तुले दुरून दिसतील. दाजी म्हणतात, मी डाव्या हातानं ढोल वाजवतो. वाजवू दे. त्यायले घरात बसवत नाही.

अन् नाही येत तर तेबी सांग. मी तुले दोष देणार नाही. खरंच देणार नाही. पण मंग मले गुरुवारच्या दुपारच्या गाडीनं पोरी घेऊन इथून निघावं लागते, मोठ्या मावशीकडं, अन् तिथी किती दिवस ते मले माहीत नाही. शुक्रवारी जीप मैदानात उभी राह्यली अन् पोस्टाजवळ कोणीच नसलं, तर त्या वेळेले मी अन् माह्या पोरी मेहकरात दिसायले नको. एवढं तुले समजते ना?

म्हणून बुधवारी, एकोणतीस तारखेले, संध्याकाळची खामगावची गाडी मेहकरात पोचन तवा मी स्टँडवर उभी राहीन. मोठ्या पोरीले संग नेईन. कंडक्टरजवळ तुहं उत्तर पाहिजे. कागद नसला तर तोंडी सांगून धाड. येतो म्हण नाहीतर येत नाही म्हण, दोन्हीतलं एक. त्या गाडीतून कंडक्टर नुसता हात हालवत उतरला तर मी काय समजू, गुलाब? तू घर सोडलं नाही अन् कडूबा तथी पोचला, असंच ना? मले तसं समजायले लावू नको. बुधवार. संध्याकाळची गाडी.

तुही बाई
ताना